दर्शन आणि मुक्काम

शाळांना सुट्ट्या लागल्या की नाशिकमध्ये राहणाऱ्या माणसाला एका ठरावीक प्रकारचे फोन येऊ लागतात. मुंबईचा किंवा पुण्याचा कोणी स्नेही सहकुटुंब यायचे म्हणतो. बरोबर चार आणि सात वर्षांची मुले असतात, हाताशी दोन दिवस असतात. 'मुले लहान आहेत, तेव्हा धावपळ नको, सगळे आरामात' अशी प्रस्तावना होते आणि मग यादी वाचून दाखवली जाते : रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, पांडवलेणी, सोमेश्वरचा धबधबा, एखादी द्राक्षबाग, त्र्यंबकेश्वर, आणि जमलेच तर वणी किंवा शिर्डी. प्रस्तावना आणि यादी यांत उघड विसंगती आहे, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. हा विसराळूपणा एकट्यादुकट्याचा असता तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु तो इतका सार्वत्रिक आहे, की त्याची मुळे आपल्या सांस्कृतिक सवयींत शोधावी लागतात.

मराठी माणसाला घराबाहेर पडण्याचे दोन नमुने परंपरेने ठाऊक आहेत. एक यात्रेचा आणि दुसरा आजोळचा. लहान मुलांना घेऊन शहरात दोन दिवस निवांत घालवायचे, ही कल्पना तुलनेने नवी आहे आणि तिला आपल्याकडे स्वतःचा घाट अद्याप मिळालेला नाही. म्हणून ती जुन्यांपैकी एक घाट उसना घेते. माझे म्हणणे एवढेच आहे, की तिने चुकीचा घाट उचलला.

यात्रेचे शास्त्र पक्के असते. स्थाने ठरलेली, त्यांचा क्रम ठरलेला आणि एखादे राहून गेले तर रुखरुख. पूर्णतेला तेथे अर्थ आहे, कारण पुण्य पूर्णतेशी बांधलेले आहे. नाशिक शहर शतकानुशतके या शास्त्रावर उभे आहे. बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ २०१५ साली झाला, आता तो २०२७ च्या तोंडावर आहे, आणि या शहराचे रस्ते, घाट, धर्मशाळा, इतकेच काय पण अर्थकारणही त्या चक्राभोवती फिरते. यात्रेबद्दल मला अनादर नाही. उन्हातान्हात अनवाणी चालणाऱ्या यात्रेकरूला आपण का चालतो आहोत हे माहीत असते, कष्ट हा त्याच्या साधनेचाच भाग असतो. आपल्या निधर्मी सहलीने मात्र यात्रेतील श्रद्धा तेवढी बाजूला ठेवली आणि यादी व कष्ट जसेच्या तसे उचलले. 'नाशिकदर्शन', 'मुंबईदर्शन' हे शब्दच पाहावेत. दर्शन क्षणभराचे असते. रांगेत तासभर उभे राहून ते घ्यायचे असते आणि मागच्याला जागा द्यायची असते. या व्यवहारात चार वर्षांच्या मुलाचे स्थान कडेवरच्या सामानाचे असते.

आजोळचे शास्त्र याच्या नेमके उलट. तेथे कोणी काही 'दाखवत' नसे. महिनाभराच्या मुक्कामात तेच अंगण, तीच विहीर, तोच आंबा, तोच पार. पहिले दोन दिवस मूल बुजे, तिसऱ्या दिवशी त्याला एखादा कोपरा सापडे आणि आठवडाभरात ते गाव त्याचे होई. 'मुक्काम' या शब्दात हेच अभिप्रेत आहे. पत्राच्या माथ्यावर 'मुक्काम पोस्ट' लिहिताना आपण गाव पाहिले असे म्हणत नाही, तेथे असतो असे म्हणतो. आज शहरी मुलाचे आजोळ पुष्कळदा त्याच शहराच्या दुसऱ्या उपनगरात, तिसऱ्या मजल्यावर असते. आजोळ संपले, त्याची पोकळी भरण्यासाठी आपण सहल आणली आणि तिला रूप दिले यात्रेचे. मुलाच्या वाट्याला दोहोंतील उणे तेवढे आले.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला या ठिकाणी एक गोष्ट जाणवल्यावाचून राहत नाही. प्रवासवर्णन हा प्रकार आपण वर्षानुवर्षे शिकवतो. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे'पासून (१९४०) पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'पर्यंत (१९६०) आणि त्यानंतरही, या दालनातला प्रवासी बहुधा प्रौढ आहे. तो एकटा असतो किंवा सपत्नीक असतो. त्याचे कुतूहल, त्याचा विनोद, त्याची दमणूक, सारे प्रौढाचे. तीन वर्षांचे मूल बोट धरून चालते आहे, मध्येच बसकण मारते आहे आणि त्यामुळे संग्रहालय अर्धे राहून समोरच्या कबुतरांवर पाऊण तास गेला, असा प्रवास आपल्या प्रवासवर्णनात क्वचितच येतो. मूल भेटते ते आत्मपर लेखनात. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म नाशिकजवळच्या जलालपूरचा. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रां'त त्यांच्या बालपणाचा भाग आठवावा. वडिलांचे टोकाचे सोवळे आणि त्यापायी घरादाराचे झालेले हाल त्यात जसे रेखाटले आहेत, तसे कोणतेही प्रेक्षणीय स्थळ मनात उरत नाही. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत लिहिली ती नाशिकच्याच तुरुंगात, कोकणातल्या बालपणाच्या आठवणींवर. त्यातले आंघोळीनंतर पायांना माती लागू नये म्हणून आईने पदर पसरल्याचे दृश्य शाळेत एकदा ऐकलेला माणूसही विसरत नाही. न्हाणीचा दगड आणि ओला पदर, एवढेच त्या दृश्याचे सामान. बालपणाची स्मृती अशी वावभर जागेत आणि पुनरावृत्तीत रुजते. सहलीचा आराखडा करणाऱ्याने यापासून काही शिकण्यासारखे आहे.

अर्थात आजोळचे गोडवे गाताना एक हिशेब चुकता करायला हवा. तो महिनाभराचा निवांतपणा मुलांसाठी होता. आजीसाठी आणि मामीसाठी तो चुलीपुढचा महिना होता. पंधरा पानांची पंगत, पापड-कुरडयांचा घाट, लहानग्यांची दुखणीखुपणी, हे सारे कोणाच्या तरी कमरेवर पडत असे. शहरातल्या दोन दिवसांच्या सहलीचा खरा लाभ येथे आहे. तेथे स्वयंपाकघर नाही, आईला सुट्टी मिळते. निदान मिळायला हवी. पण यादी लांबली की ती सुट्टी सर्वांत आधी हिरावली जाते. पाण्याच्या बाटल्या, बदलायचे कपडे, तापाचे औषध, गाडीत उलटी झाली तर पिशवी, कंटाळलेल्या मुलासाठी खाऊ आणि प्रत्येक ठिकाणी 'येथे स्वच्छतागृह कोठे आहे?' हा प्रश्न, हे काम बव्हंशी आईकडे येते. वडील पुढच्या स्थळाचे अंतर मोजत असतात. तेव्हा कमी ठिकाणे हा केवळ मुलांच्या सोयीचा प्रश्न नाही. घरातल्या श्रमाच्या वाटणीचाही तो प्रश्न आहे.

मग आराखडा कसा असावा? अर्ध्या दिवसाला एक ठिकाण, हा पहिला नियम. सकाळी एक, दुपारी जेवण आणि झोप, संध्याकाळी एक. झोप ही वेळ वाया जाणे नव्हे. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात काळारामाच्या आवारातील तापलेल्या फरशीवर अनवाणी पाय ठेवून पाहिले, की वामकुक्षीचे माहात्म्य वेगळे सांगावे लागत नाही. जमल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस निवडावेत; थंडी बोचरी असते, पण मुले चालतात. उतरण्याची जागा त्या ठिकाणांजवळ असावी, कारण रडणाऱ्या मुलासाठी दहा मिनिटांत परतता येणे यासारखी चैन दुसरी नाही. त्र्यंबकेश्वर तीस किलोमीटरवर आहे आणि वणी त्याच्या दुप्पट; ती दोन्ही या दोन दिवसांत नकोत. आणि शेवटचा नियम : दुसऱ्या दिवशी एखादे ठिकाण पुन्हा पाहावे. मूल तीच गोष्ट रात्रीमागून रात्री सांगायला लावते, तेव्हा आपण कंटाळतो. पण पुनर्वाचनाचे महत्त्व वर्गात सांगणाऱ्यांनी तरी ही मागणी समजून घ्यावी.

पहिले ठिकाण गोदावरीचा घाट. रामकुंडाजवळ नदीच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पाहुणे त्याच्याकडे ओझरते पाहतात. नाशिककराला मात्र तो पावसाळ्यात देवापेक्षाही अधिक मोजपट्टीसारखा असतो. पूर आला की पाणी मारुतीच्या कमरेला लागले, छातीला लागले, गळ्याशी आले, अशा भाषेत शहर नदीची खबर घेते. सात वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगावी आणि त्याला पायरीवर बसून पाणी कोठवर आले तर आपण बसलो तेथे पोहोचेल याचा अंदाज बांधू द्यावा. एवढ्यात तास जातो. तेथून चालत भांडी बाजारात जावे. तांब्या-पितळेच्या दुकानांतल्या चकाकणाऱ्या हंड्यांत स्वतःचे वाकडे तोंड पाहणे या करमणुकीला तिकीट लागत नाही.

दुसरे पांडवलेणी. चोवीस लेणी आणि सुमारे दोनशे पायऱ्या, म्हणजे सगळे पाहायचे म्हटले तर मुलांचा छळच. एकच पाहावे, तिसरे. पांडवांचा या बौद्ध लेण्यांशी काही संबंध नाही, पण एका आजीचा आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने, नातू पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या एकोणिसाव्या वर्षी, हे लेणे भिक्षुसंघाला दान दिले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील तो प्राकृत लेख भिंतीवर आहे आणि त्यात ती स्वतःची ओळख राजाची आई आणि राजाची आजी अशी करून देते. मुलांना शिलालेख कळणार नाही, पण आजी कळते. ही अक्षरे एका आजीची आहेत आणि जवळजवळ एकोणीसशे वर्षे ती पुसली गेलेली नाहीत, एवढे सांगितले की एखादे मूल हात लावायला धावते. त्याला थांबवून 'का नाही लावायचा' हे सांगणे हाही इतिहासाचाच धडा.

तिसरे काळाराम मंदिर. येथे थोडे थांबून बोलायला हवे, कारण घाईच्या दर्शनाने मुलाचे काय हिरावले जाते हे येथे सर्वांत स्पष्ट दिसते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो स्त्री-पुरुष त्यात होते. तो काही वर्षे चालला. दार मात्र तेव्हा उघडले नाही. हे सात वर्षांच्या मुलाला सांगावे काय? मला वाटते, सांगावे. 'आत का सोडत नव्हते?' हा त्याचा पहिला प्रश्न असेल आणि 'मग त्यांनी काय केले?' हा दुसरा. या प्रश्नांची उत्तरे गाडीचे दार उघडे धरून देता येत नाहीत. त्यासाठी पायरीवर बसावे लागते, थोडे चाचरावे लागते, मुलाचा राग ऐकून घ्यावा लागतो. ज्या सहलीत अशा प्रश्नाला अर्धा तास मिळत नाही, ती कितीही स्थळे दाखवो, तिने शहर दाखवले असे म्हणता येणार नाही.

आपल्या सांस्कृतिक संस्थांनाही येथे चार शब्द ऐकवणे भाग आहे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे. हे कुसुमाग्रजांचे गाव, येथे त्यांचे स्मारक आहे. ज्या कवीने 'जाईचा कुंज' हा संग्रह मुलांसाठी लिहिला, त्याच्या गावात बाहेरून आलेल्या मुलाला एखादी सकाळ पुस्तकांच्या संगतीत सहज काढता यावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. महाराष्ट्रातील बहुतेक स्मारके मात्र हार घालण्यासाठी आणि व्याख्याने ऐकण्यासाठी बांधलेली असतात. मुलाच्या उंचीवर तेथे काही नसते. याउलट शहराबाहेरच्या मिसळवाल्यांकडे पाहावे. मोकळे आवार, झाडाला झोका, घसरगुंडी आणि तिखट न खाणाऱ्यासाठी जिलेबी. मूल रमले तर आईबाप निवांत बसतात, हे त्यांना उमगले आहे. एका झोक्याने जे साधते ते अर्धपुतळ्याने साधत नाही, हे आपल्या सांस्कृतिक समित्यांना कोणी तरी सांगायला हवे.

या सगळ्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. रजा मोजून मिळते, खोलीचे भाडे भरावे लागते, एवढा खर्च करून यायचे आणि तीन ठिकाणे पाहून परत जायचे हे मध्यमवर्गीय मनाला उधळपट्टी वाटते. पैसे वसूल व्हावेत ही इच्छा लाजिरवाणी नाही. प्रश्न एवढाच, की वसुली कशात मोजायची. आठ ठिकाणांच्या छायाचित्रांत मोजली, तर त्यातल्या सहांत मूल रडवेले असते. तीन ठिकाणांच्या सहलीचा हिशेब महिन्याभराने लागतो. पावसाळ्यात गोदावरीला पूर आल्याची बातमी लागते आणि मुंबईत बसलेले मूल विचारते, 'पाणी मारुतीच्या कुठपर्यंत आले?' तेवढ्यापुरते ते नाशिकचे झालेले असते. राहिलेली पाच ठिकाणे कोठे जात नाहीत. मूल दहा वर्षांचे झाले की त्र्यंबकेश्वरचा रस्ता त्यालाही छोटा वाटेल.