आपल्याच घरासाठी अर्ज

गहाण हा शब्द आपल्याकडे कोणी मोठ्याने उच्चारीत नाही. दागिना गहाण पडला तर तो सोनाराकडे उजळायला दिलेला असतो आणि शेत गहाण पडले तर ते पाहुण्यांना कसायला दिलेले असते. घराच्या बाबतीत मात्र हा सारा संकोच गळून पडला आहे. घर गहाण टाकले असे कोणीच म्हणत नाही. 'होम लोन मंजूर झाले' म्हणतात आणि पेढे वाटतात. मीही वाटले होते, २०१७ साली, तेव्हाच्या औरंगाबादेत (आता छत्रपती संभाजीनगर) दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला तेव्हा. कागद बँकेच्या तिजोरीत आणि किल्ली माझ्या पर्समध्ये, अशी ती वाटणी होती. आणि किल्ली जवळ असली की घर आपलेच वाटते.

यंदा संस्थेने माझी बदली भोकरदनला केली. तिथून जवळच पूर्णेकाठचे केदारखेडा हे माझे माहेर. आई तिथे एकटी. तेव्हा मुक्काम गावी हलवायचा, फ्लॅट किरायाने द्यायचा आणि त्यातून हप्ता भागवायचा, असा सरळ हिशेब आम्ही मांडला. (पुण्यामुंबईचे वाचक 'भाड्याने' म्हणतील; आमच्या मराठवाड्यात माणसे किरायानेच राहतात.) आता बँकेची परवानगी काढायला हवी, असे मी ओसरीवर सहज बोलून गेले, तो चुलते सुपारी कातरता कातरता थांबले.

"आपलं घर किरायानं द्यायला बँकेला इचारायचं? मंग बाई, घर तुझं का बँकेचं?"

प्रश्न भाबडा नव्हता. जुन्या माणसांना कब्जेगहाण ठाऊक असते: शेत सावकाराच्या ताब्यात, पीकही त्याचेच, आणि कर्ज फिटेपर्यंत आपल्याच बांधावर आपण परके. त्याच्या उलट नजरगहाण. तिथे ताबा आपला, सावकाराची नुसती नजर. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाणाचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि शहरातल्या बँका बहुधा मालकीचे कागद ठेवून घेण्याचा प्रकार पसंत करतात. म्हणजे घर माझेच, ताबाही माझाच. मग परवानगी कसली?

त्याचे उत्तर त्याच कायद्यात १९२९ साली घातलेल्या ६५अ या कलमात आहे. घर गहाण असले तरी ताबा ज्याच्याकडे आहे त्याला ते भाड्याने देता येते, असे हे कलम म्हणते. पण अटी घालून. भाडे बाजारात मिळेल तेवढे रास्त हवे, पगडी किंवा आगाऊ भाडे घ्यायचे नाही, मुदत वाढवून देण्याचे वचन द्यायचे नाही आणि इमारतीचा भाडेपट्टा तीन वर्षांपलीकडे जाता कामा नये. एवढे सांगून कलम शेवटी हळूच पुस्ती जोडते, की गहाणाच्या करारात काही वेगळे ठरले असेल तर ते आधी. आणि बँकांच्या करारात ते बहुतेक वेगळेच ठरलेले असते. माझ्या करारात ते वाक्य सत्ताविसाव्या पानावर सापडले. बँकेच्या लेखी पूर्वसंमतीवाचून जागा भाड्याने, पोटभाड्याने, लीव्ह अँड लायसन्सने 'वा अन्य कोणत्याही प्रकारे' दुसऱ्यास देता येणार नाही. वीस वर्षे मराठी गद्य शिकवते आहे. पण 'वा अन्य कोणत्याही प्रकारे' इतकी ऐसपैस शब्दयोजना फारशी वाचनात नाही.

शाखेतला तरुण अधिकारी मोठा सज्जन. तो म्हणाला, "मॅडम, हप्ता वेळेवर येतोय ना? मग कशाला अर्जाच्या भानगडीत पडता? पुष्कळ लोक न विचारताच देतात." समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंचेही तेच मत पडले.

व्यवहाराला हा सल्ला धरून होता; पण तो कर्ज घेणाऱ्यापुरता. त्या घरात पैसे मोजून राहायला येणाऱ्याचा विचार त्यात कोठेच नाही. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकांना खटला न भरता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार दिला. कर्ज थकले की साठ दिवसांची नोटीस येते, आणि रक्कम न भरल्यास मॅजिस्ट्रेटच्या मदतीने ताबा. आत राहणाऱ्याचे काय? मुंबईतल्या काही भाडेकरूंनी हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. २०१४ साली न्यायालयाने सांगितले, की भाडेपट्टा गहाणाच्या आधीचा असेल, किंवा नंतरचा पण ६५अ च्या चौकटीत बसणारा असेल, तर मुदत शिल्लक असताना भाडेकरूला असे बाहेर काढता येणार नाही. त्याचे म्हणणे ऐकून घ्यावेच लागेल. परंतु बँकेची संमती हवी असताना ती न घेता घर दिले असेल, तर त्याला या संरक्षणाचा आधार नाही. करार माझा आणि बँकेचा, तो मोडणार मी, आणि भांडीकुंडी जिन्यात यायची तिसऱ्याची! त्या बिचाऱ्याला सत्ताविसावे पान कोणी दाखवलेलेही नसते.

तेव्हा मी अर्ज केलाच. कर्जखात्याचा क्रमांक, बदलीचा आदेश, येणाऱ्या कुटुंबाची माहिती, किराया, मुदत, कराराचा कच्चा मसुदा आणि हप्त्याची जबाबदारी पूर्ववत माझीच राहील असे एक वाक्य. तीन आठवड्यांनी उत्तर आले. परवानगी होती, मात्र लीव्ह अँड लायसन्सच, अकरा महिन्यांचे, आणि कर्ज थकल्यास परवाना संपुष्टात. या अकरा महिन्यांची मोठी गंमत आहे. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून एक महिना छाटून नोंदणी चुकवायची ही जुनी युक्ती. महाराष्ट्रात २००० सालापासून लागू झालेल्या भाडे नियंत्रण कायद्याने मुदत कितीही असो, करार लेखी व नोंदलेला हवा असे ठरवले, आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. युक्तीतला जीव गेला. अकरा महिने राहिले आहेत.

येणारे जोडपे तरुण होते. तो वाळूजला कारखान्यात, ती घरी शिकवण्या घेणारी. मी बँकेचे पत्र त्यांच्यापुढे ठेवले. त्याने ते वरवर चाळून परत दिले. तिने मात्र घेऊन सावकाश वाचले.

"मॅडम, म्हणजे तुमचा हप्ता थकला तर आम्ही बाहेर?"

"हो," मी म्हटले. "परवानाधारकाला भाडेकरूइतकेही हक्क नसतात."

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तर करारात दोन ओळी घाला. बँकेची नोटीस आली तर आठ दिवसांत आम्हाला कळवायचं. आणि डिपॉझिट चार महिन्यांचं नको, दोनच. अडकलं तर तेवढंच अडकेल."

नवरा ओशाळून तिच्याकडे पाहू लागला. चार महिन्यांच्या डिपॉझिटवर मी गावच्या घराचे पत्रे बदलण्याचा बेत केला होता. तो पुढच्या वर्षावर गेला. दोन्ही ओळी मसुद्यात घातल्या, बँकेच्या पत्राची एक प्रत तिला दिली, आणि नोंदणीसाठी गुरुवारची वेळ ठरली.