वर्गणी सरकारची, आवाज कुणाचा?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या घटनेतील एक तरतूद मला नेहमीच विलक्षण वाटत आली आहे. वर्गणी भरायची ती सरकारने. परिषदेत प्रत्येक देशाला प्रतिनिधी मात्र चार, आणि त्यांपैकी सरकारचे दोनच. उरलेल्या दोघांपैकी एक मालकांचा, एक कामगारांचा. प्रत्येकाला स्वतंत्र मत, आणि या साऱ्यांचा प्रवासखर्चही सरकारच्याच माथी. म्हणजे आपल्याविरुद्ध बोलू शकणाऱ्या माणसाला सरकारने स्वखर्चाने जिनिव्हाला पोहोचवायचे आणि तो तेथे काय बोलतो ते मुकाट्याने ऐकून घ्यायचे!

पैसे देणाऱ्याला हे पचणे कठीणच. अमेरिकेचे उदाहरण पाहा. १९६९ साली, पन्नाशी गाठलेल्या या संघटनेला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी नवे महासंचालक विल्फ्रेड जेंक्स यांनी सोव्हिएत संघाच्या पावेल अस्तापेंको यांना सहायक महासंचालक नेमले, आणि अमेरिकी काँग्रेसने वर्गणी अडवून धरली. संघटनेच्या अंदाजपत्रकाचा सुमारे चौथा हिस्सा एकटी अमेरिका भरत असे. गंमत अशी की पैसे रोखा म्हणून आग्रह धरणाऱ्यांत आघाडीवर कुणी कारखानदार नव्हता. होते ते जॉर्ज मीनी, अमेरिकेतील कामगार महासंघाचे अध्यक्ष.

मीनींचा आक्षेप पोकळ होता असे मी म्हणणार नाही. सोव्हिएत गटातील 'कामगार प्रतिनिधी' सरकारचीच री ओढत असे. मग त्रिपक्षीय रचनेला अर्थ काय उरला? १९७४ साली तर सक्तीच्या मजुरीवरून सोव्हिएत संघावर ठपका ठेवणारा समितीचा अहवाल परिषदेत मंजूरच होऊ शकला नाही. पण दुखणे खरे असले म्हणून कोणतेही औषध चालते असे नाही. नोव्हेंबर १९७५ मध्ये किसिंजर यांनी बाहेर पडण्याची सूचना दिली. घटनेप्रमाणे त्यानंतर दोन वर्षे थांबावे लागते, आणि सर्व देणी चुकती केल्याखेरीज सुटका नाही. (घटना लिहिणाऱ्यांना सरकारांची पारख होती, म्हणायचे.) १९७७ साली अमेरिका बाहेर पडली, तिजोरीचा चौथा हिस्सा आटला, कर्मचारी आणि कामे दोन्हींना कात्री लागली. सोव्हिएत संघ जिथल्या तिथे होता! १९८० च्या फेब्रुवारीत परतताना, संघटना आता सुधारली आहे, असे अमेरिकी सरकारने सांगितले. त्या दोन-अडीच वर्षांत तेथे बसून वाद घालण्याचे काम मात्र इतरांनी केले होते.

आपल्याकडची आठवण याच्या अगदी उलट आहे. १९१९ च्या वॉशिंग्टन परिषदेला ब्रिटिश सरकारने ना. म. जोशी यांना हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून परस्पर नेमले. जोशींच्या योग्यतेविषयी शंका नव्हती. प्रश्न होता तो त्यांना निवडण्याच्या अधिकाराचा. हा अधिकार हाती यावा, हे ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत 'आयटक' स्थापन होण्यामागचे एक मोठे कारण. जोशी स्वतः पुढे तिचे सरचिटणीस झाले. परक्या सरकारच्या खर्चाने मिळालेल्या एका खुर्चीपायी इथले कामगार पुढारी एका छत्राखाली आले. वर्गणीचे मोल मोजायचे तर ते मी या खुर्चीवरून मोजीन.

आज भारताची वर्गणी अमेरिकेच्या मानाने किरकोळ आहे आणि ती भरण्याविषयी वादही नाही. मला खटकते ते निराळेच. संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य आणि सामुदायिक वाटाघाटीचा हक्क सांगणारे ८७ आणि ९८ क्रमांकांचे करार भारताने अद्याप स्वीकारलेले नाहीत. (अमेरिकेनेही नाहीत, या बाबतीत आपली संगत मोठी आहे.) सरकार, मालक आणि कामगार यांना देशातच एकत्र बसवणारी भारतीय श्रम परिषद २०१५ च्या जुलैमध्ये दिल्लीत भरली. ती शेहेचाळिसावी. त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी सत्तेचाळिसावी भरली नाही. जिनिव्हात कामगारांच्या प्रतिनिधीला बसवण्यासाठी दरवर्षी पैसे मोजणाऱ्या सरकारला दिल्लीतली ही एक बैठक का परवडत नाही, हे त्या वर्गणीची रक्कम मंजूर करताना संसदेत कुणीतरी विचारायला हवे.