गाडीच्या छताचीही शाकारणी हवी

नागपूरहून दक्षिणेकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग समुद्रपूर तालुक्यात जामच्या चौरस्त्यावर येतो. तिथून एक वाट हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे जाते, तर दुसरी वरोऱ्यावरून चंद्रपूरकडे. लग्नसराईत या चौकात घटकाभर उभे राहिले, तर गेल्या काही वर्षांत झालेला एक बदल सहज नजरेत भरतो. मोटारींच्या छतांना काचेच्या खिडक्या आल्या आहेत आणि त्या खिडक्यांतून मुलांची डोकी बाहेर आली आहेत.

सनरूफ ही एकेकाळी बड्या मोटारींची मिरास होती. २०२२ साली मारुतीच्या ब्रेझात आणि २०२३ साली ह्युंदाईच्या छोट्या एक्स्टरमध्ये ते आले, आणि ही चैन मध्यमवर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर उतरला. त्यामुळे सनरूफ असलेले महागडे मॉडेलही अनेकांच्या आवाक्यात आले. पूर्वी गाडी घेताना पहिला प्रश्न असे, 'लिटरला किती देते?' आता घरातली मुले विचारतात, 'वरची काच उघडते का?' प्रश्न बदलला याचे वाईट वाटायचे कारण नाही. पण त्या काचेचे आपण करणार काय, हेही विचारायला हवे.

युरोपातल्या थंड, ढगाळ देशांत सूर्यदर्शनाचे अप्रूप असते. आपल्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. इथे ऊन अंगावर घ्यायला नव्हे, चुकवायला माणसे धडपडतात. तरीही सनरूफ अगदीच निरुपयोगी नाही. गरम हवा वर चढते. उन्हात तापलेल्या गाडीत बसताना काचेची मागची कड थोडी उचलली आणि दारांच्या काचा खाली केल्या, की कोंडलेली वाफ मिनिटभरात निघून जाते. मग सारे बंद करावे, आतला पडदा ओढावा आणि एसी लावावा. हिवाळ्यातल्या सकाळी गावातल्या संथ रस्त्यावर छत उघडण्यात गंमतही आहे. महामार्गावरच्या वेगात मात्र वाऱ्याचा घुमारा कान किटवतो, गाडीला होणारा हवेचा विरोध वाढतो आणि इंधनही जास्त जळते.

खरी परीक्षा पावसाळ्यात. पुष्कळांची समजूत अशी, की काचेभोवतीचे रबर पाणी पूर्ण अडवते. तसे नसते. थोडे पाणी रबराखालून आत येणार, हे धरूनच छताची रचना केलेली असते. ते पाणी काचेभोवतीच्या पन्हाळीत उतरते आणि चार कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून, गाडीच्या खांबांच्या आतून, खाली जमिनीवर जाते. या नळ्या धुळीने, पाल्याने तुंबल्या, की पाणी उलट फिरते. मग छताच्या कापडावर डाग पडतात, पायाखालचा गालिचा भिजतो, कुबट वास सुटतो. पाणी विजेच्या जोडण्यांपर्यंत पोहोचले, तर खर्चाचा आकडा डोळे पांढरे करतो. देखभालीअभावी झालेले असे नुकसान विमा कंपन्या सहसा भरून देत नाहीत.

आपल्या वाडवडिलांना हे नवे नव्हते. कवेलूच्या घरात उजेडासाठी एखादे काचेचे कवेलू बसवलेले असे. पण मृग लागण्यापूर्वी सारे छत फेरल्याशिवाय घरधनी स्वस्थ बसत नसे. गाडीच्या छताचीही तशीच शाकारणी करायला हवी. छत उघडून पन्हाळीतला पाला, माती हाताने काढावी. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मऊ ओल्या फडक्याने पुसाव्यात. पेलाभर पाणी पन्हाळीत हळूहळू ओतून ते गाडीखाली टपकते का, ते पाहावे. चारही कोपऱ्यांची परीक्षा घ्यावी. पाणी साचून राहिले, तर तार खुपसू नये. आतली नळी फाटते किंवा सुटते. ते काम कारागिरावर सोपवावे. रबराला सिलिकॉनचे वंगण चालते, साधे ग्रीस लावल्यास रबर फुगते. गाडी धुताना जोराची धार काचेच्या कडेवर मारू नये. कडुनिंबाच्या किंवा चिंचेच्या सावलीत गाडी ठेवणाऱ्यांनी, आणि कापसाच्या हंगामात तंतू, धूळ उडणाऱ्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांनी, ही तपासणी वर्षातून दोनदा करावी. छत महिनोन्‌महिने बंदच राहिले, तरी मधून मधून उघडझाप करावी, म्हणजे रबर चिकटत नाही.

ही झाली वस्तूची काळजी. माणसांची काळजी त्याहून मोठी. सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळूरला सनरूफमधून बाहेर उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या मुलाचे डोके रस्त्यावरच्या आडव्या लोखंडी खांबावर आदळले. चालकाला वर काय आहे ते दिसत नाही, आणि मुलाला पुढे काय येते ते कळत नाही. अचानक ब्रेक लागला, की उभ्या मुलाला धरायला काही नसते. रस्त्यावर झुकलेल्या फांद्या, लोंबत्या तारा आणि संक्रांतीच्या दिवसांतला नायलॉनचा मांजा यांची तर गणतीच नको. मोटार वाहन कायद्याचे १२३ वे कलम गाडीच्या सांगाड्याबाहेर कोणाला बसवून नेण्यास मनाई करते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलाला पट्ट्याविना नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. पण जामच्या चौकात पोलीस किती गाड्या थांबवणार? शिवाय वरातीत मुलांना छतातून उभे करणारे बहुधा त्यांचे मामा-काकाच असतात, आणि त्यांना अडवणे घरातल्या माणसांनाच शक्य आहे.

छताची काच आकाश पाहण्यासाठी आहे, आकाशात डोके काढण्यासाठी नाही, एवढे मुलांना गाडी घरी येण्याच्या दिवशीच सांगून टाकावे. गाडी चालू असताना छताचे बटण मोठ्यांच्याच हाती असावे. आणि मृगाच्या आधी पेलाभर पाणी ओतून पाहावे. या तीन गोष्टींना पैसा लागत नाही. त्या पाळणार असू, तर सनरूफ हौसेने घ्यावे.