सांगितले तिने, ऐकले कुणी?



हंसा वाडकर हे नाव आपल्या आयांना, आज्यांना सांगावे लागत नसे. 'सांगत्ये ऐका' हा अनंत माने यांचा तमाशापट १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद थिएटरात १३१ आठवडे चालला. त्याआधी १९४१ मध्ये प्रभातच्या 'संत सखू'त, १९४७ मध्ये 'लोकशाहीर राम जोशी'त लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले होते. बॉम्बे टॉकीजच्या 'नवजीवन'सारख्या हिंदी चित्रपटांतही त्या नायिका होत्या. १९७० साली त्यांचे आत्मकथन पुस्तकरूपाने आले. नाव तेच, 'सांगत्ये ऐका'. पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्या गेल्या.

हे पुस्तक आपण मराठवाड्यातल्या बायकांनी मुद्दाम वाचायला हवे, कारण त्यातली सर्वांत काळोखी पाने आपल्याच भागात घडली आहेत.

हंसाबाईंचे मूळ नाव रतन साळगावकर. जन्म १९२३ चा. १९३६ साली 'विजयाची लग्ने' हा पहिला चित्रपट आला तेव्हा त्या जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. शाळा सुटली ती घर चालवण्यासाठी. लवकर लग्न झाले. आता चारचौघींसारखा संसार करावा, कॅमेऱ्यासमोर उभे राहू नये, असे त्यांना वाटत होते. पण त्यांच्याच कमाईवर माहेर चालले होते आणि आता सासरही. नवऱ्याने काम सोडू दिले नाही, वर संशयही घेतला. पैसा बाईने मिळवायचा आणि त्याचा हिशेब, तिच्या शरीराचा आणि मुलांचा निर्णय मात्र पुरुषाने करायचा! बाई मिळवती झाली की आपोआप मोकळी होते, असे म्हणणाऱ्यांनी हा संसार जरूर पाहावा.

भांडणाला कंटाळून त्या एका पुरुषाबरोबर निघून गेल्या आणि मराठवाड्यातल्या एका खेड्यात त्याची तिसरी बायको म्हणून राहिल्या. पडद्यावर राज्य करणारी ही नटी तिथे जवळजवळ कैदेत होती. शेवटी त्यांनी नवऱ्याला चोरून कळवले आणि सुटका झाली. पण ज्या न्यायाधिकाऱ्याच्या हाती ती सुटका होती, त्यानेच आपल्यावर बलात्कार केला, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. 'संत सखू'मध्ये बांधून घातलेल्या सखूसाठी विठ्ठल धावून येतो. इथे सरकार आले, आणि सरकारने हे केले.

पुस्तक १९७० चे आहे, हे लक्षात घ्या. मथुरावर देसाईगंजच्या पोलीस चौकीत अत्याचार झाला तो १९७२ साली. त्यावरून देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. सत्तेच्या खुर्चीवरचा माणूस ताब्यातल्या बाईचे काय करू शकतो, हे एक मराठी बाई त्याआधीच छापील पुस्तकात नोंदवून गेली होती. पण पुस्तकाची ओळख झाली ती 'नटीचे धाडसी आत्मचरित्र' म्हणून. श्याम बेनेगल यांनी त्यावरून १९७७ मध्ये 'भूमिका' काढला. स्मिता पाटील यांनी जीव ओतून काम केले, त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट सहानुभूतीने केलेला आहे, यात शंका नाही. पण न्यायाधिकाऱ्याचा तो प्रसंग त्यातही नाही. घरातला जुलूम दाखवला गेला, सरकारी खोलीतला राहून गेला.

आता कुणी म्हणेल, हे सारे जुने झाले. मुंबई प्रांतात द्विभार्याप्रतिबंधक कायदा १९४६ मध्ये आला, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो सगळ्या हिंदूंना लागू झाला. तरी नांदेड-लातूरकडच्या कुठल्याही बैठकीत जाऊन बसा, 'दुसरी' म्हणून आणलेली बाई भेटतेच. मुलगा झाला नाही म्हणून आणलेली, विधवा झाल्यावर कुणी आधार दिला म्हणून गेलेली. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याने लग्नासारख्या नात्यातल्या बाईलाही संरक्षण दिले. पण २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने अट घातली की दोघेही लग्नाला कायद्याने मोकळे असले पाहिजेत. त्या निकालात अशा बाईसाठी 'कीप', म्हणजे ठेवलेली, हा शब्द आला. इंदिरा जयसिंग यांनी न्यायालयातच त्याला हरकत घेतली. २०१३ मध्ये, पहिले लग्न लपवून जिच्याशी लग्न केले तिला पोटगीचा हक्क आहे, असे त्याच न्यायालयाने म्हटले. चांगलेच झाले. पण जिला सारे ठाऊक होते आणि तरी दुसरा आसरा नव्हता, तिचे काय? हंसाबाई फसून गेल्या नव्हत्या, कंटाळून गेल्या होत्या. म्हणून त्यांना कोंडून ठेवण्याचा हक्क कुणाला मिळत नाही.

माळेगावच्या जत्रेत तमाशाच्या फडापुढे गर्दी करणारा समाज त्याच नाचणाऱ्या बाईला घरी 'तसली' म्हणतो. या शब्दाची धास्ती आपल्या मनातही असते. बाई दार ठोठावते तेव्हा आपल्याही तोंडून पहिला प्रश्न निघतो, "मग गेलीसच कशाला?" हा प्रश्न आधी आपल्या बैठकीतून हद्दपार करू या. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत, तारखेसह लिहून घेऊ या. आणि ती पोलीस ठाण्यात, कोर्टात, कुठल्याही साहेबाच्या खोलीत जाईल तेव्हा आपल्यापैकी एकीने तरी तिच्याबरोबर आत जायचे, बाहेर बाकावर बसून राहायचे नाही, एवढा नियम प्रत्येक गटाने करावा.

हंसाबाईंबरोबर त्या खोलीत कुणी नव्हते.