एकच संध्याकाळ, नाटक कोणतं?

काय दोस्तांनो, सुट्टीचे बेत ठरले का? मुंबईला जाणाऱ्यांची यादी तर न विचारताच सांगता येईल. गेटवे ऑफ इंडिया, राणीची बाग, म्हातारीचा बूट, चौपाटीवरची भेळ आणि लोकलचा एक प्रवास! यंदा या यादीत आणखी एक ओळ वाढवा. एक नाटक. खरंखुरं, तिसऱ्या घंटेनंतर पडदा उघडणारं नाटक.

पण कोणतं? इथेच घरात भांडण सुरू होतं. बाबांना मालिकेतल्या त्या नटाचं विनोदी नाटक हवं असतं. आजीला संगीत नाटक हवं. ताई म्हणते, इंग्रजी बघू या. आणि धाकट्याला चेटकीण हवी, बाकी काही नको! मुक्काम चार दिवसांचा, मोकळी संध्याकाळ एकच, आणि पाच जणांची तिकिटं म्हणजे खिशाला चांगलीच चाट. निवड चुकली तर धाकटा पहिल्याच अंकात झोपतो आणि पुढची पाच वर्षं घरात एकच वाक्य ऐकू येतं, "नाटक नको, सिनेमाच बरा." म्हणून निवड नीट करायला हवी. कशी करायची ते बघू.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. जे आपल्या गावाकडे येणार आहे, त्यावर मुंबईतली एकुलती एक संध्याकाळ खर्च करू नका. गाजलेली मराठी नाटकं दौऱ्यावर निघतात. नेपथ्याचे सुटे केलेले भाग, कपड्यांच्या पेट्या, दिवे, सगळं गाडीत चढतं आणि आज नाशिक, उद्या कोल्हापूर, परवा सांगली असा प्रवास चालतो. ही रीत जुनीच आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं ते सांगलीत, आणि दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, ते आपली मंडळी घेऊन मुंबईला खेळ करायला गेले. म्हणजे नाटक गावाकडून मुंबईला गेलं, बरं का! तेव्हा जाहिरातीतलं एखादं मोठं नाव या वेळी हुकलं तरी हळहळू नका. काही महिन्यांनी ते तुमच्या जिल्ह्याच्या नाट्यगृहात येण्याची शक्यता बरीच असते.

मग मुंबईतच काय बघता येतं? जुहूला पृथ्वी थिएटर आहे. शशी कपूर आणि जेनिफर कपूर यांनी ते १९७८ साली सुरू केलं. आत खुर्च्या साधारण दोनशेच, आणि त्याही रंगमंचाच्या तिन्ही बाजूंना. नट इतका जवळ येतो की त्याच्या कपाळावरचा घाम दिसतो! तिथे हिंदी आणि इंग्रजी नाटकं जास्त होतात, आणि उन्हाळ्यात मुलांसाठी खास नाटकं असतात. मात्र उशीर केलात तर आत घेत नाहीत.

याच्या अगदी उलट टोक वांद्रे-कुर्ला संकुलात. तिथलं नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर २०२३ साली सुरू झालं. त्यातल्या मोठ्या नाट्यगृहात दोन हजार प्रेक्षक बसतात. त्याच वर्षी परदेशातून 'द साउंड ऑफ म्युझिक' ही संगीतिका तिथे आली होती. असा मोठा सरंजाम दौऱ्याच्या गाडीत मावणार नाही, आणि तो बघण्यात मजाही मोठी. पण अशी तिकिटं महाग असतात, आणि स्वस्तातली जागा घेतली तर नटांचे चेहरे मुंगीएवढे दिसतात. भव्य देखावा हवा की जवळून माणसं बघायची आहेत, हे आधी ठरवा.

आता धाकट्याच्या चेटकिणीकडे वळू. सातवी-आठवीतली मंडळी इथे नाक मुरडतात. "बालनाट्य? शी! आम्ही काय लहान आहोत?" अहो, थांबा जरा! सुधा करमरकर यांनी १९५९ साली 'लिटल थिएटर' सुरू केलं तेव्हापासून मराठीत चांगलं बालनाट्य म्हणजे मोठ्यांनी मुलांसाठी मन लावून केलेलं नाटक. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' घ्या. त्यातली चिंची चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी रंगवली. २०१८ मध्ये हे नाटक नव्याने आलं तेव्हा वैभव मांगले चिंची झाले. नाटक तेच, चेटकीण तीच, पण चाल वेगळी, हसणं वेगळं. आजोबांनी पाहिलेली चिंची आणि नातवाने पाहिलेली चिंची यांची तुलना जेवताना करता येते. एकाच तिकिटात दोन पिढ्यांची सोय!

दुसरी गोष्ट म्हणजे जाहिरात वाचायला शिका. मराठी वर्तमानपत्रात नाटकांच्या जाहिराती येतात, आणि आता मोबाइलवरही तिकिटं मिळतात. जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात असतो नटाचा चेहरा, आणि गोष्ट कशाबद्दल आहे ते कुठेच नसतं. '२५० वा प्रयोग' याचा अर्थ नाटक लोकांना आवडलंय. ते दहा वर्षांच्या मुलाला कळेल, असा त्याचा अर्थ होत नाही. म्हणून तीन प्रश्न विचारा. गोष्ट कशाबद्दल आहे? किती वेळ चालतं? कुणासाठी आहे? नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर विचारलंत तर तिथले काका सरळ सांगतात, "हे मुलांना नका दाखवू, कंटाळतील." प्लॅन बघून जागाही तिथेच निवडा. अगदी पहिल्या रांगेत मान वर करून बसावं लागतं. पाचवी ते दहावी रांग उत्तम. बाल्कनी स्वस्त असते आणि तिथून सगळा रंगमंच एका नजरेत मावतो, पण धाकट्यापुढे उंच माणूस तर बसणार नाही ना, ते बघा.

तिसरी गोष्ट, परतीची. मुक्काम कल्याणला आणि प्रयोग रात्री साडेआठचा, तर शेवटच्या अंकात आईचं सगळं लक्ष घड्याळाकडे! अशा वेळी दुपारी चारचा प्रयोग घ्या. दादरचं शिवाजी मंदिर स्टेशनापासून चालत जाण्यासारखं आहे, १९६५ पासून तिथे नाटकं होताहेत. जुहूला मात्र पार्ल्याहून किंवा अंधेरीहून रिक्षा करावी लागते. तो वेळ आणि ते पैसे आधीच धरा.

आणि घरातलं भांडण? त्यावर एक युक्ती सांगतो. "कुणाला काय हवं" असं विचारूच नका. तीन-चार नाटकांची नावं कागदावर लिहा आणि प्रत्येकाला एकच "नको" म्हणू द्या. ज्यावर कुणीच काट मारली नाही ते नाटक बघायचं. सगळ्यांवर काट पडली तर सगळ्यात लहान माणसाने ठरवायचं, कारण नाटक पुन्हा बघायचं की नाही हे त्याच्या आयुष्यात आज पहिल्यांदाच ठरणार आहे. पालकहो, हे जरा मोठ्या मनाने घ्या. मोठ्यांनी आजवर बरीच नाटकं पाहिली आहेत, त्याचं हे पहिलंच आहे.

एवढी खटपट कशासाठी, असं कुणी विचारेल. टीव्ही तर घरी आहेच! पण टीव्हीवरचा नट तुमच्यासाठी थांबत नाही. नाटकातला थांबतो. तुम्ही हसलात की हशा ओसरेपर्यंत तो पुढचं वाक्य म्हणत नाही. सगळे श्वास रोखून बसले की त्यालाही ते कळतं. आणि तिसऱ्या रांगेत मोबाइल उजळला तर तेही त्याला दिसतं! म्हणून मोबाइल बंद. त्या दिवशीच्या प्रयोगात तुमचाही वाटा असतो, आणि तसाच्या तसा प्रयोग पुन्हा होत नाही.

यंदा मुंबईला जाणं जमणार नसेल, तरी हिरमुसू नका. राज्य शासनाची बालनाट्य स्पर्धा वेगवेगळ्या शहरांत होते. तुमच्याच वयाची मुलं तिथे राजे, राक्षस आणि झाडं होतात. जवळचं केंद्र कोणतं ते शाळेत बाईंना विचारा. आणि जे नाटक बघाल त्याचं नाव, काय आवडलं आणि कुठे कंटाळा आला, ते चार ओळींत लिहून पाठवा. कंटाळ्याबद्दल खरं लिहा हं! आवडलेल्याबद्दल तर सगळेच लिहितात.

चला, तिसरी घंटा झाली. पुढच्या आठवड्यात भेटूच!