गरज आणि सवय

अडलेल्या बाळंतिणीचे व तिच्या अर्भकाचे प्राण वाचविणारी सिझेरियन शस्त्रक्रिया ही वैद्यकशास्त्राची मोठीच देणगी होय. परंतु आपल्या देशात ती जेथे हवी तेथे मिळत नाही आणि जेथे नको तेथे सर्रास होते, असे विपरीत चित्र दिसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सिझेरियनचे प्रमाण २०१५-१६ मध्ये शेकडा १७.२ होते, २०१९-२१ मध्ये ते २१.५ झाले. गोव्यात याच अवधीत ते ३१.४ वरून ३९.५ वर गेले. तेलंगणात तर २०१९-२१ मध्ये ते ६०.७ होते.

ही वाढ निसर्गाची की व्यवहाराची? २०१९-२१ मध्ये देशातील सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३, तर खाजगी रुग्णालयांत ४७.४ होते. वास्तविक गुंतागुंतीच्या प्रसूती शेवटी मोठ्या सरकारी इस्पितळांकडेच धाडल्या जातात. तेव्हा ही तफावत केवळ स्त्रियांच्या प्रकृतीने उलगडत नाही. शस्त्रक्रियेचे बिल मोठे असते आणि ती तासाभरात उरकते. नैसर्गिक प्रसूतीसाठी मात्र डॉक्टरांना रात्र जागावी लागते. काही विपरीत घडल्यास कोर्टकचेरीचे भय असतेच.

दोष केवळ डॉक्टरांच्या माथी मारणे मात्र न्यायाचे नव्हे. वेदनांची धास्ती, उशिराचे मातृत्व, घरात धीर देणाऱ्या वडीलधाऱ्या बाईची उणीव, आणि पंचांग पाहून जन्मवेळ ठरविण्याचा हव्यास, हे सारे आपल्याच घरातले आहे. शिवाय पहिले बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले की दुसरेही बहुधा तसेच होते.

नाण्याची दुसरी बाजू अधिक दारुण आहे. बिहारच्या सरकारी रुग्णालयांत २०१९-२१ मध्ये हे प्रमाण अवघे ३.६ होते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली शेकडा १० ते १५ ही मर्यादा सुचविली होती. २०१५ साली तिने स्पष्ट केले की, आकडा गाठण्यापेक्षा गरजू स्त्रीला शस्त्रक्रिया मिळणे महत्त्वाचे. ती न मिळाल्याने गरिबाची लेक दगावते आणि इकडे सधनाची लेक विनाकारण टाके सोसते.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक रुग्णालयाने आपले प्रमाण कारणांसह जाहीर करावे. प्रशिक्षित सुईणींची सेवा उभारण्याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २०१८ मध्ये काढली; ती कागदावरून प्रसूतिगृहात उतरावीत. आणि शस्त्र चालविण्यापूर्वी, प्रसंग तातडीचा नसेल तर, ते का चालवायचे हे त्या स्त्रीला तिच्या भाषेत समजावून सांगावे. एवढा तिचा हक्क खचितच आहे.