कळप वेगळा, सावड वेगळी



कपाशीची शेवटची वेचणी चालू असेल. मिरची पथारीवर वाळत असेल. एरवी या दिवसांत मी खताविषयी नाहीतर फवारणीविषयी लिहितो. आज मात्र तीन शब्दांविषयी बोलणार आहे. शब्दांचा आणि शेतीचा काय संबंध, असे तुम्ही म्हणाल. शेवटपर्यंत वाचा आणि मग ठरवा.

परवा नवापूर रस्त्याला ठेलारी मंडळींच्या मेंढ्या आडव्या आल्या. मी मोटारसायकल बाजूला घेऊन उभा राहिलो. मागच्या ट्रकने भोंगा वाजवला, तशा साऱ्या मेंढ्या एकमेकींना चिकटल्या. नीट पाहिले तर प्रत्येक मेंढी मधे घुसायला बघत होती. कडेला राहायला एकही तयार नव्हती. कळप म्हणतात तो हा. सगळ्या एकत्र, पण काळजी आपापल्या जिवाची. त्यांच्या मागून चालणारा वाडा मात्र निराळा. एक जण पुढे जाऊन चारापाणी बघून आलेला, एकाच्या खांद्यावर लंगडे कोकरू, बाया बिऱ्हाड हलवीत चाललेल्या. मेंढ्याही एकत्र आणि माणसेही एकत्र, पण दोन्हींत किती फरक!

हा फरक फार पूर्वी एका माणसाने टिपून ठेवला आहे. ग्रीस देशात इ. स. पू. 384 ते 322 या काळात अ‍ॅरिस्टॉटल नावाचा मोठा विद्वान होऊन गेला. पशू, पक्षी, मासे, किडे यांचे निरीक्षण करून त्याने ग्रंथ लिहिले. त्या लोकांच्या भाषेत कळपाला ‘आगेले’ म्हणत. काही प्राणी कळपाने राहतात, काही एकेकटे राहतात, अशी त्याने वाटणी केली. पण कळपाने राहणाऱ्यांतूनही त्याने काही प्राणी वेगळे काढले. सगळ्यांचे मिळून एकच काम असते, असे ते प्राणी. त्यांत त्याने मधमाशी, गांधीलमाशी, मुंगी, क्रौंच पक्षी आणि माणूस यांची नावे घातली. त्यांच्यासाठी त्याने जो शब्द वापरला, त्याच्याच घराण्यातला आजचा ‘पॉलिटिक्स’ हा शब्द. आपल्याला पॉलिटिक्स म्हटले की पॅनेल आणि फोडाफोडी आठवते. मुळात तो शब्द माणसांनी मिळून नांदण्याचा आहे, बरे का!

माणसाविषयी त्याने आणखी एक नोंद केली आहे. माणूस दोन्हीकडचा आहे. तो मिळूनही राहतो आणि एकटाही राहतो. मधमाशीला निवड नाही, आपल्याला आहे.

तिसरा शब्द एकटेपणाचा. ग्रीक भाषेत तो ‘एरेमिया’. ज्या शब्दापासून तो निघाला, त्याचा अर्थ ओसाड, माणसांनी सोडून दिलेला. आपण पडीक रान म्हणतो ना, त्याच्या जवळचाच. रात्री माळ्यावर बसून राखण करणारा गडीही एकटाच असतो, पण त्याला आपण पडीक म्हणणार नाही. तो एकांत आहे आणि सकाळी घरची भाकरी त्याची वाट बघत असते. ज्याची कोणी वाट बघत नाही, तो खरा एकटा.

आता आपल्या घरचे शब्द. मराठी मुलखात आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबण्याला सावड म्हणतात. कुठे नांगर-बैल घेऊन सगळे एकाच्या रानात उतरतात आणि तो त्यांना जेवू घालतो, त्याला इरजिक म्हणतात. आणि आपल्या सातपुड्यात, धडगावकडे, याला लाह म्हणतात. एकदा तिथल्या एका पाड्यावर घराचे आढे चढवायला जमलेली लाह मी पाहिली. कोणी बांबू तासत होता, कोणी कूड विणत होता. मजुरी कोणालाच नाही, फक्त जेवण. मी माझ्या सरकारी सवयीने विचारले, “कोण कोणाकडे किती दिवस आला, याचा हिशेब कोण ठेवतो?” एक म्हातारेबाबा हसले. त्यांच्या बोलीत जे बोलले, त्याचा अर्थ असा : “ज्याच्या घराला हात लावला नाही, त्याचं घर रोज वाटेत दिसतं.”

मंडळी, हे शहाणपण मला वेळेवर आठवले नाही. ती माझी चूक आज तुमच्यापुढे सांगतो.

2017 साली महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने कपाशीचा घात केला, तो तुम्ही विसरला नसाल. त्याआधी एका गावात मी एक हुशार शेतकरी हाताशी धरला होता. त्याच्याच बांधावर जायचे, त्यालाच सांगायचे. त्याने सारे केले. फरदड घेतली नाही. डिसेंबरअखेर पऱ्हाट्या काढल्या. पुढच्या हंगामात कामगंध सापळे लावले, डोमकळ्या वेचून नष्ट केल्या. शेजारच्या रानांत मात्र कपाशी मार्चपर्यंत उभी होती. पतंगाला बांध दिसत नाही. त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्याने एक बोंड फोडून माझ्या हातावर ठेवले. आत अळी. “साहेब, सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणं केलं,” एवढेच तो म्हणाला.

त्यानंतर तो बैठकांना येईना. बाजारच्या दिवशीही दिसेना. एकदा त्याची घरधनीण रस्त्यात भेटली. “भाऊ, हे घरात बोलतच नाहीत. रात्री उठून शेतात जाऊन बसतात,” असे सांगताना तिचा आवाज कापत होता. ऐकून माझ्या पोटात गोळा आला. त्याच संध्याकाळी गेलो. कपाशीचा विषय काढला नाही. नुसता शेजारी बसलो. तिथे मला उमगले की, मी या माणसाला ‘प्रगतिशील’ म्हणत गावापासून बाजूला उभे केले होते. बाकीच्यांना कळपासारखे सोडले आणि याला एकटे पाडले. सावड मी कोणाचीच घडवली नव्हती.

मग पारावर बैठक घेतली. त्याच्या शेजाऱ्यांना बोलावले. त्यांत बांधावरून त्याच्याशी अबोला धरलेला एक जण होता. बोंडअळीचे खाणे कपाशीवर आहे. साऱ्या शिवारात काही महिने कपाशीच नसली, तर तिची साखळी तुटते, हे समजावून सांगितले. साऱ्या शिवाराने एकाच सुमारास कपाशी काढायची, असे ठरले. चौघांनी ऐकले नाही. गाव म्हटले की चौघे असायचेच. सापळे रोज कोणी तपासायचे, असा प्रश्न निघाला, तेव्हा तो अबोला धरलेला शेजारीच म्हणाला, “यालाच त्यातलं कळतं.”

पुढच्या वर्षी अळी संपली नाही, पण पहिल्या दोन वेचण्या चांगल्या हाती लागल्या. आणि तो गडी पतंग मोजायला रोज सकाळी दहा जणांच्या शेतांतून जाऊ लागला. दहा ठिकाणी थांबायचे म्हणजे दहा ठिकाणी बोलावे लागते. त्याच्या घरधनिणीने नंतर मला एवढेच सांगितले, “आता रात्री झोपतात.”

गाव करी ते राव न करी, असे आपल्याकडे म्हणतात. तेव्हा या हंगामात एवढे करा. डिसेंबरअखेर कपाशी आवरण्याची तारीख साऱ्या शिवाराने मिळून ठरवा. फरदड घेऊ नका. किडकी बोंडे आणि पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका. पुढच्या वर्षी पाहणीसाठी हेक्टरी 5 कामगंध सापळे लावा. सलग 3 रात्री एका सापळ्यात 8 किंवा जास्त पतंग सापडले, तर अळीने नुकसानीची पातळी गाठली असे समजा आणि लगेच आपल्या सहायक कृषी अधिकाऱ्याला गाठा. तो एकट्याच्याच बांधावर येत असेल, तर त्याला पारावर बसवा.

आणि एक काम याहून सोपे. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातली कितीतरी माणसे ऊसतोडीला गुजरातेत जातात. पाड्यांवर म्हातारी माणसे आणि लहान पोरे राहतात. होळीला काठीचा ढोल वाजेल तोवर बरेच जण परततील, पण होळी अजून लांब आहे. तुमच्या वाटेवर असे एखादे घर असेल. एखादा शेजारी बरेच दिवस बोलला नसेल. आज संध्याकाळी तिकडे चक्कर टाका. काय बोलावे, ते सुचले नाही तरी चालेल. नुसते शेजारी बसा.

बरे, येतो. पुढच्या खेपेला उन्हाळी भुईमुगाच्या बियाण्याविषयी बोलू.